समद्विभुज त्रिकोण: एक रेघ, चार नावं (नव्याने भूमिती शिकणाऱ्यांसाठी)

बत्तिसाव्या वर्षी मी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलो. त्याआधी अकरा वर्षं पत्र्याच्या शेडच्या कैच्या वेल्डिंग करत होतो. कैची म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा. खाली एक आडवा पाईप, वर दोन सारख्या लांबीचे तिरके पाईप. म्हणजे समद्विभुज त्रिकोण मी शेकड्यांनी बनवले होते. दोन्ही पाखी सारखी असली की माथ्यावरून सोडलेला ओळंबा बरोबर मध्यावर येतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही वहीत ‘सिद्ध करा’ असं आलं की हात थांबायचा.

सरावाच्या एका पेपरात मी रचनेत लिहिलं: ‘शिरोबिंदूपासून पायाच्या मध्यबिंदूवर लंब काढला.’ तीनपैकी एक गुण मिळाला. संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून विचारलं, “लंब काढलात, की मध्यबिंदूला जोडलंत? एक काय ते सांगा. दुसरं आपोआप होतं हेच तर सिद्ध करायचंय.” समद्विभुज त्रिकोणातली निम्मीअधिक गोंधळाची जागा त्या एका प्रश्नात आहे. नववीतली मुलं, त्यांचे आईवडील आणि माझ्यासारखे उशिरा परीक्षेला बसणारे, अशा सगळ्यांसाठी मी हे लिहितोय. मला जिथे अडलं तिथे तुम्हाला अडू नये एवढीच इच्छा आहे.

हाताशी काय हवं

- कंपासपेटी: मोजपट्टी, कंपास, कोनमापक. गुण्या असल्या तर उत्तम.
- टोक केलेली पेन्सिल. जाड रेघेत एक मिलिमीटर सहज हरवतो.
- कोरे कागद आणि कात्री. घडी घालायची आहे, त्यामुळे रेघा आखलेले कागद नकोत.
- नववीचं गणित भाग २ चं पुस्तक, त्यातलं त्रिकोणाचं प्रकरण.
- एकरूपतेच्या, म्हणजे दोन त्रिकोण एकमेकांवर तंतोतंत बसतात हे ठरवायच्या, कसोट्या पाठ: बाकोबा, कोबाको, बाकोको, बाबाबा (बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन) आणि काटकोन त्रिकोणासाठी कर्णभुजा. या येत नसतील तर आधी दोन दिवस त्यांनाच द्या. त्यांच्याशिवाय पुढचं काही उभं राहत नाही.

पुस्तकात बिंदूंना इंग्रजी अक्षरं असतील. मी इथे अ, ब, क घेतली आहेत. माथा अ, पाया बक आणि समान भुजा अब व अक.

पायरी १: आधी पाया ओळखा

ज्या त्रिकोणाच्या दोन भुजा समान लांबीच्या, तो समद्विभुज. त्या दोन भुजा जिथे भेटतात तो माथा. उरलेली तिसरी भुजा म्हणजे पाया.

पाया म्हणजे खाली असलेली भुजा, असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका. पुस्तकात पहिली काही चित्रं उभी, देवळाच्या शिखरासारखी असतात, म्हणून ही सवय लागते. पुढे उदाहरणात तोच त्रिकोण आडवा पडतो, कधी उलटा होतो आणि आपण चुकीचे दोन कोन समान धरून बसतो. मी एक सवय लावून घेतली. आकृती दिसली की आधी समान भुजांवर एकेक छोटी आडवी खूण करायची. ज्या भुजेवर खूण नाही तो पाया. त्या भुजेच्या दोन टोकांना असलेले कोन म्हणजे पायालगतचे कोन. समान असतात ते हेच दोन.

दुसरी अडचण ‘समोरील’ या शब्दाची. प्रमेय सांगतं की समान भुजांसमोरील कोन समान असतात. अब या भुजेसमोरचा कोन कोणता? जो शिरोबिंदू या नावात नाही, त्याचा: ∠क. आणि अक समोरचा ∠ब. घाईत बरेच जण अब समोर ∠ब लिहितात.

समभुज त्रिकोणातही दोन भुजा समान असतातच, तिसरीही असते एवढंच. म्हणून समद्विभुज त्रिकोणाबद्दल जे सिद्ध होईल ते समभुजालाही लागू पडतं, तेही कोणत्याही भुजेला पाया मानून. समभुजाचे तिन्ही कोन ६० अंशांचे का, याचं उत्तर इथेच मिळतं.

पायरी २: कागद दुमडा

कंपासमध्ये ८ सेंटिमीटर अंतर घ्या. कागदावर बक ६ सेंटिमीटर काढा. ब वर टोक ठेवून वर एक कंस, तेच अंतर न बदलता क वर टोक ठेवून दुसरा. कंस छेदतात तिथे अ. त्रिकोण कापून घ्या.

आता ब हा कोपरा क वर आणून ठेवा आणि घडी दाबा. घडी अ मधूनच जाते. उलगडून घडीच्या रेघेकडे नीट बघा:

- तिने माथ्याच्या कोनाचे दोन सारखे भाग केले, म्हणजे ती कोनदुभाजक.
- ती पायाच्या मध्यावर उतरली, म्हणजे मध्यगा.
- पायाशी तिने ९० अंशांचा कोन केला, म्हणजे शिरोलंब.
- पायाच्या मध्यावर आणि पायाला लंब, म्हणजे पायाचा लंबदुभाजकही तीच.

रेघ एक, नावं चार. आता एक विषमभुज त्रिकोण कापा, समजा भुजा ८, ५ आणि ७ ची. त्याच्या एकाच शिरोबिंदूतून कोनदुभाजक, मध्यगा आणि शिरोलंब काढून बघा. तीन वेगळ्या रेघा येतात. लंबदुभाजक तर त्या शिरोबिंदूतून जातच नाही.

घडी घालून पटतं, सिद्ध होत नाही. परीक्षेत ‘घडी घालून पाहिलं’ असं लिहिता येत नाही. आणि त्याला कारण आहे. तुमचा कागद एका मापाचा होता, प्रमेय सगळ्या मापांबद्दल बोलतं.

पायरी ३: प्रमेय लिहायला शिका

इथे वेळ द्या. पक्ष म्हणजे जे दिलं आहे ते, साध्य म्हणजे जे सिद्ध करायचं ते, रचना म्हणजे आपण आकृतीत जास्तीचं काढतो ते. पूर्ण मांडणी अशी:

पक्ष: △अबक मध्ये अब = अक.
साध्य: ∠अबक = ∠अकब.
रचना: ∠बअक चा दुभाजक काढला. तो पाया बक ला ड मध्ये छेदतो.
सिद्धता: △अबड आणि △अकड मध्ये,
अब = अक (पक्ष)
∠बअड = ∠कअड (रचना)
अड = अड (सामाईक भुजा)
म्हणून △अबड ≅ △अकड (बाकोबा कसोटी)
म्हणून ∠अबड = ∠अकड (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन), म्हणजेच ∠अबक = ∠अकब.

रचनेची ओळ पुन्हा वाचा. ‘दुभाजक काढला’, बस. तो पायाच्या मध्यावर जातो किंवा पायाला लंब आहे, असं एक अक्षरही तिथे नाही. एका बिंदूतून रेघ काढताना तुम्ही तिला एकच अट घालू शकता. दुसरी अट घातली की अशी रेघ मुळात आहे का, हा प्रश्न उभा राहतो. विषमभुज त्रिकोणात ती नसते, हे तुम्ही आत्ताच बघितलंत. माझे दोन गुण गेले ते याच ओळीवर.

अट कोणती घालायची, याची मात्र मोकळीक आहे:

मध्यगा काढली तर बड = कड, अब = अक, अड सामाईक. कसोटी बाबाबा.
शिरोलंब काढला तर ड पाशी दोन काटकोन, कर्ण अब = अक, अड सामाईक. कसोटी कर्णभुजा.
कोनदुभाजक काढला तर वरची बाकोबा.

तिन्हीपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच धरा. मला कोनदुभाजकाची वाट सगळ्यात सोपी वाटते.

ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास हे प्रमेय मांडलं तेव्हा मात्र त्याने कोनदुभाजक काढला नाही. त्याच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात हे पाचवं प्रमेय आहे आणि कोन दुभागण्याची रचना नवव्या क्रमांकावर येते. नववं आठव्यावर उभं, आठवं सातव्यावर आणि सातवं पाचव्यावर. पाचवं सिद्ध करायला नववं वापरलं असतं तर गोल फिरून तिथेच आला असता. म्हणून त्याने समान भुजा खाली वाढवून लांबची वाट धरली. त्या गुंतागुंतीच्या आकृतीपाशी विद्यार्थी अडखळत, म्हणून युरोपात या प्रमेयाला ‘गाढवांचा पूल’ हे नाव पडलं असं म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकात एकरूपतेच्या कसोट्या आधीच मान्य केलेल्या असतात, त्यामुळे आपली सिद्धता गोल फिरत नाही.

पाप्पस नावाच्या गणितज्ञाने इसवी सनाच्या चौथ्या शतकात जे केलं ते मला सगळ्यात सुंदर वाटतं. त्याने रेघच काढली नाही. तोच त्रिकोण दोनदा वाचला: एकदा अबक, एकदा अकब. अब = अक, अक = अब, मधला ∠अ तोच. बाकोबाने △अबक ≅ △अकब. म्हणून ∠ब = ∠क. सिद्धता संपली. कैची उचलून उलटी ठेवली तरी त्याच दोन खांबांवर बरोबर बसते, हे मी रोज करत होतो. ते असं कागदावर उतरवता येतं हे कळलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

पायरी ४: व्यत्यास

आता दिशा उलटी. ∠ब = ∠क दिलं आहे, अब = अक सिद्ध करायचं. हे वेगळं प्रमेय आहे. पहिलं सिद्ध केलं म्हणून हे फुकट मिळत नाही.

रचना: ∠अ चा दुभाजक अड. मग ∠ब = ∠क (पक्ष), ∠बअड = ∠कअड (रचना), अड सामाईक. बाकोको कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणून संगत भुजा अब = अक.

इथे सापळा असा की मागच्या प्रमेयात तिन्ही रेघा चालल्या म्हणून आपण इथेही मध्यगा काढतो. मग हातात येतं काय? बड = कड, अड = अड, ∠ब = ∠क. हा कोन त्या दोन भुजांच्या मधला नाही. दोन भुजा आणि मधला नसलेला कोन, अशी कसोटी नाही. सिद्धता तिथेच अडते आणि वेळ जातो. व्यत्यासासाठी कोनदुभाजक किंवा शिरोलंब घ्या.

उदाहरण सोडवताना कारण लिहितानाही दोघांची गल्लत होते. भुजांवरून कोन काढला तर ‘समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय’, कोनांवरून भुजा काढली तर ‘समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा व्यत्यास’. चुकीचं कारण लिहून उत्तर बरोबर आलं तरी नुकसान होतं.

पायरी ५: चारपैकी दोन नावं जुळली की त्रिकोण समद्विभुज

ही पायरी पुस्तकात एका जागी मिळत नाही, स्वाध्यायांत विखुरलेली असते. प्रश्न असा येतो: ‘त्रिकोणात अमुक रेघ शिरोलंबही आहे आणि मध्यगाही, तर त्रिकोण समद्विभुज आहे हे दाखवा.’ लंबदुभाजक शिरोबिंदूतून गेला तर तो मध्यगा आणि शिरोलंब दोन्ही असतोच, म्हणून उरलेल्या तीन नावांच्या तीन जोड्या होतात.

मध्यगा आणि शिरोलंब: बड = कड, ड पाशी काटकोन, अड सामाईक. बाकोबा.

शिरोलंब आणि कोनदुभाजक: अ पाशी समान कोन, अड सामाईक, ड पाशी काटकोन. कोबाको.

मध्यगा आणि कोनदुभाजक: ही अवघड. बड = कड, अड सामाईक, ∠बअड = ∠कअड, पण हा कोन पुन्हा मधला नाही. सरळ वाट बंद. इथे अड ला खाली तितकीच वाढवायची, म्हणजे डइ = अड होईल असा इ बिंदू घ्यायचा आणि इक जोडायची. △अबड आणि △इकड बघा: बड = कड, अड = इड, ड पाशी विरुद्ध कोन समान. बाकोबाने एकरूप. म्हणून अब = इक आणि ∠बअड = ∠कइड. पण ∠बअड = ∠कअड दिलेलंच आहे, तेव्हा ∠कअड = ∠कइड. आता △कअइ मध्ये दोन कोन समान झाले, व्यत्यासाने अक = इक. आणि इक = अब. झालं. मध्यगा दुप्पट वाढवण्याची ही युक्ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढेही उपयोगी पडते.

पहिली जोडी शेतात वापरतात, पण उलट दिशेने: त्रिकोण समद्विभुज आहे हे माहीत असतं आणि त्यावरून मध्यगा हीच शिरोलंब ठरते. पाणलोटाच्या कामात डोंगरउतारावर समतल चर खणायचे तर सारख्या उंचीची रेषा आखावी लागते. त्यासाठी ए-फ्रेम बनवतात. दोन सारख्या लांबीचे बांबू वर बांधायचे, दोन्ही पायांवर माथ्यापासून सारख्याच अंतरावर एक आडवी काठी आणि माथ्यावरून दोरीला दगड. काठीच्या मध्यावर खूण. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. का? माथ्यापासून काठीच्या मध्याला जाणारी रेघ ही मध्यगा. वरचा छोटा त्रिकोण समद्विभुज असल्याने तीच शिरोलंब. दोरी उभी आहे, म्हणून तिला लंब असलेली काठी आडवी. काठी पायांच्या टोकांना जोडणाऱ्या रेघेला समांतर, म्हणून पायही सपाटीत. बांबूची लांबी किंवा काठीचं अंतर दोन बाजूंना सारखं नसेल तर हा सगळा हिशोब ढासळतो, म्हणून बांधताना टेपने दोनदा मोजा.

पायरी ६: मापं काढताना दोन उत्तरं विसरू नका

तिन्ही कोनांची बेरीज १८०, त्यातले दोन समान. माथ्याचा कोन ४० असेल तर उरले १४०, प्रत्येकी ७०. हे सगळ्यांना येतं.

पण ‘समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४० अंश आहे, उरलेले कोन काढा’ एवढंच म्हटलं असेल तर? तो माथ्याचा की पायालगतचा हे सांगितलेलं नाही. माथ्याचा धरला तर ७० आणि ७०. पायालगतचा धरला तर दुसरा ४० आणि माथा १००. दोन्ही उत्तरं लिहायची. आता दिलेला कोन १०० असेल तर? पायालगतचे दोन्ही कोन १०० होऊच शकत नाहीत, बेरीज २०० होते. म्हणून एकच उत्तर: ४० आणि ४०. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा: पायालगतचे कोन नेहमी लघुकोनच असतात. काटकोन किंवा विशालकोन असेल तर तो माथ्यावरच. काटकोन असला की उरलेले दोन ४५-४५.

भुजांचंही तसंच. दोन भुजा ५ आणि ८ सेंटिमीटर असतील तर परिमिती १८ किंवा २१. पण ४ आणि ९ असतील तर २२ एकच, कारण ४, ४, ९ चा त्रिकोण बनत नाही. चार आणि चार मिळून आठ होतात, नऊपर्यंत पोचत नाहीत. दोन पाईप टेकवायला गेलात तर आडवे पडतील.

दहावीला वर्तुळाच्या प्रकरणात तर हे त्रिकोण न सांगता येतात. केंद्रापासून जीवेच्या दोन टोकांना त्रिज्या काढल्या की समद्विभुज त्रिकोण तयार, कारण त्रिज्या समान. केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो, हे पायरी ३ चंच दुसरं रूप. अर्धवर्तुळातला कोन ९० अंशांचा का, तेही बघा. व्यास अब, केंद्र म, वर्तुळावर बिंदू क. मक जोडा. मअ = मक = मब, म्हणजे दोन समद्विभुज त्रिकोण. पहिल्यात अ आणि क पाशी सारखा कोन, त्याला य म्हणू. दुसऱ्यात ब आणि क पाशी सारखा, तो र. मोठ्या त्रिकोणाची बेरीज य + र + (य + र) = १८०, म्हणून क चा कोन य + र = ९०. वर्तुळाच्या आकृतीत मार्ग सुचत नसेल तर आधी त्रिज्या काढून बघा. माझं बहुतेक वेळा त्यानेच सुटलं.

पायरी ७: उंची आणि क्षेत्रफळ

माझ्या कामातली एक कैची घेऊ. शेडची रुंदी २४ फूट, दोन्ही तिरके पाईप १३ फूट. मधली उंची किती? माथ्यावरून टाकलेला लंब पायाला दुभागतो, म्हणून अर्धा पाया १२. पायथागोरसने १३ चा वर्ग १६९, त्यातून १२ चा वर्ग १४४ गेला, उरले २५. उंची ५ फूट. क्षेत्रफळ २४ गुणिले ५ भागिले २, म्हणजे ६० चौरस फूट. दोन टोकांच्या भिंतींवरची तिकोनी जागा बंद करायला किती पत्रा लागेल ते असंच काढतात.

इथे चुका दोन होतात. एक, पाया अर्धा न करता १३ आणि २४ वर पायथागोरस लावणं. मग वर्गमुळात ऋण संख्या येते आणि माणूस घाबरतो. दोन, उंची म्हणून तिरकी भुजाच धरणं. मी पहिल्या वर्षी कामावर दुसरी चूक केली होती आणि पत्रा दुपटीहून जास्त मागवला होता.

आता ही कैची मधून कापून दोन काटकोन त्रिकोण करा: प्रत्येकी ५, १२, १३. ते १२ फुटांच्या बाजूने जोडा. नवा समद्विभुज त्रिकोण बनतो: भुजा १३, १३ आणि पाया १०, उंची १२. क्षेत्रफळ पुन्हा ६०. तिरक्या भुजा त्याच, क्षेत्रफळ तेच, पण एक बसका आणि एक उंच. कागदावर सेंटिमीटरमध्ये करून बघा.

आपल्याकडे शुल्बसूत्रांत, म्हणजे वेदी आखण्याचे नियम सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथांत, यज्ञवेदीच्या आकारांत समद्विभुज त्रिकोण आहे, त्याला प्रउग म्हणतात. हव्या त्या क्षेत्रफळाचा प्रउग करायचा तर त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस आखायचा आणि पूर्वेकडच्या बाजूच्या मध्यबिंदूपासून पश्चिमेच्या दोन कोपऱ्यांपर्यंत रेघा ओढायच्या. पाया गुणिले उंचीच्या निम्मं क्षेत्रफळ हे सूत्र दोरी आणि खुंट्यांनी वापरलेलं आहे.

पायरी ८: ‘सगळे त्रिकोण समद्विभुज असतात’, यातली चूक शोधा

ही खोटी सिद्धता जुनी आहे आणि शंभरातल्या नव्वद जणांना चूक सापडत नाही असं मी म्हणणार नाही, पण मला तीन दिवस लागले. आधीच्या पायऱ्या पक्क्या झाल्याशिवाय हिला हात लावू नका.

कोणताही त्रिकोण अबक घ्या. ∠अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक काढा. ते म बिंदूत भेटतात. आकृतीत म त्रिकोणाच्या आत दाखवा. म पासून अब वर लंब मफ आणि अक वर लंब मइ.

△अफम आणि △अइम: अ पाशी समान कोन, काटकोन, अम सामाईक. एकरूप. म्हणून अफ = अइ आणि मफ = मइ.
म हा बक च्या लंबदुभाजकावर आहे, म्हणून मब = मक.
△मफब आणि △मइक: काटकोन, कर्ण समान, एक भुजा समान. कर्णभुजेने एकरूप. म्हणून फब = इक.
बेरीज: अफ + फब = अइ + इक, म्हणजे अब = अक.

प्रत्येक कसोटी बरोबर लावली आहे. मग विषमभुज त्रिकोण गेले कुठे?

आता हाताने काढा. अब = ८, अक = ५, बक = ७ सेंटिमीटर. पायरी २ मध्ये कापला होता तोच त्रिकोण, त्याचा ∠अ बरोबर ६० अंश येतो. कंपासने कोनदुभाजक काढा, मग बक चा लंबदुभाजक. म आत येतच नाही. तो बक च्या पलीकडे, त्रिकोणाच्या बाहेर पडतो. त्रिकोणाचं परिवर्तुळ, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ, काढलंत तर म त्या वर्तुळावर सापडेल, आणि कोणताही विषमभुज त्रिकोण घेतला तरी तो तिथेच सापडतो.

म पासून लंब टाका. अब वरचा लंब भुजेवरच पडतो: अफ ६.५, फब १.५. अक वर टाकायला जाल तर भुजा अपुरी पडते. ती क च्या पुढे वाढवावी लागते आणि इ त्या वाढवलेल्या भागावर येतो: अइ ६.५, इक १.५. म्हणजे अफ = अइ खरं, फब = इक खरं. पण अब ही बेरीज आहे, ६.५ + १.५ = ८, आणि अक ही वजाबाकी आहे, ६.५ − १.५ = ५. चूक कसोट्यांत नव्हती, म आत आहे असं काढलेल्या चित्रात होती.

आणखी एक आकृती काढूनच वही मिटा. अब = अक = ८ आणि बक = ६ घ्या. पुन्हा ∠अ चा दुभाजक, पुन्हा बक चा लंबदुभाजक. आता म शोधायला जा. दुसरी रेघ पहिलीवरच बसते आणि छेदनबिंदू म्हणून एक जागा दाखवता येत नाही.